कारण कळलंय, पण तलफ ऐकत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"माझं वय ३९. लहानपणी वडिलांचा मार रोजचा होता. मारण्याआधी ते आवाज चढवायचे, तो आवाज अजून कानात आहे. गेली अकरा वर्षं रोज रात्री चार-पाच पेग होतात, सुट्टीच्या दिवशी जास्तच. तीनदा सोडली. सगळ्यात जास्त टिकलो ते ४१ दिवस. तेव्हा रात्री स्वप्नांनी झोपू दिलं नाही. मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी हात थरथरत होते, घाम फुटत होता, भिंतीवर काहीतरी सरपटल्यासारखं दिसलं, पण ते गेलं. दोन वर्षं मी स्वतःवर खूप काम केलंय. भरपूर वाचलं. रोज ४० मिनिटं डोळे मिटून ध्यानाला बसतो, हल्ली मात्र बसलं की छाती धडधडते. रात्री तास-दोन तास वहीत लहानपणाबद्दल लिहितो आणि लिहून झालं की पितो. मी का पितो हे मला पुरतं कळलंय. तरी साहेबांनी आवाज चढवला असेल त्या संध्याकाळी पाय आपोआप तिकडेच वळतात. बायको म्हणते, जेवणात मिसळून देण्याची गोळी असते, ती देऊ का? मुलगा नऊ वर्षांचा आहे. माझा आवाज चढला की तो खोलीत जाऊन दार लावतो. आधी जुनी जखम बरी करू की आधी दारू सोडू? येत्या एक तारखेपासून मनाच्या जोरावर पूर्ण बंद करायचं ठरवलंय."

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: 'भिंतीवर काहीतरी सरपटल्यासारखं दिसलं, पण ते गेलं.' जुनी जखम, ध्यान, वही या सगळ्यांकडे येऊच. आधी एक तारखेचा बेत रद्द करा. दारू सोडण्याचा बेत कायम ठेवा, पण घरच्या घरी, एकट्यानं, एका झटक्यात सोडू नका.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला कायम वरच्या पट्टीत लावून ठेवतो. दारू अचानक काढून घेतली की गुंगी जाते, पट्टी मात्र तशीच राहते. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त असतो. त्यापुढे, ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, काहींचं भानच सुटतं: आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो, नसलेल्या गोष्टी दिसतात. याला 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीव जाऊ शकतो. शिवाय सोडणं आणि पुन्हा सुरू करणं जितक्या वेळा होतं, तितका पुढच्या वेळचा त्रास वाढत जाण्याची शक्यता असते. तुमची ही चौथी वेळ. फिट काही मनाचा जोर बघून येत नाही.

म्हणून आधी डॉक्टर, मग तारीख. मानसोपचारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्तीचं काम करणारे डॉक्टर असतील तर उत्तम, नाहीतर फिजिशियन. त्यांना आकडे सांगा: रोज किती, किती वर्षं, शेवटचा पेग कधी, मागच्या वेळी काय दिसलं, कधी फिट आली होती का, यकृताचा काही त्रास आहे का, झोपेच्या किंवा वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का. पाच पेगचे दोन सांगणारे पुष्कळ असतात. डोस त्या दोनावर ठरतो आणि मग तो अपुरा पडतो. बहुतेकदा काही दिवस मेंदूला शांत ठेवणारी औषधं देऊन ती टप्प्याटप्प्यानं कमी करतात. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब१, देतात. बऱ्याचदा इंजेक्शननं, कारण पिणाऱ्याच्या आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही आणि त्याच्या कमतरतेनं स्मरणशक्तीची कायमची हानी होऊ शकते. तुमची आधीची लक्षणं पाहता डॉक्टर भरती व्हा म्हणतील. व्हा.

भेट होईपर्यंत एकदम बंद करू नका. कुणाच्या झोपेच्या गोळ्या मागून घेऊ नका. दारू आणि त्या गोळ्या मिळून श्वास मंदावतात. मधल्या काळात फिट आली, बोलणं असंबद्ध झालं किंवा पुन्हा काही दिसू लागलं, तर सकाळ होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. हे आजच बायकोला सांगून ठेवा, कारण त्या वेळी निर्णय तुम्ही घेऊ शकणार नाही.

आता बायकोनं विचारलेल्या गोळीबद्दल. ती बहुधा डायसल्फिराम. ती पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर माणूस दगावू शकतो. शेवटच्या पेगनंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत आणि बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. घेणाऱ्याला हे सगळं माहीत असलंच पाहिजे. जेवणातून गुपचूप द्यायची तर ही गोळी मुळीच नाही. ज्याला लहानपणी घरातच धाक होता, त्याला घरच्या ताटाचाही भरवसा उरू नये, हे तर आणखी वाईट. तलफ कमी करणारी वेगळी औषधं आहेत. नाल्ट्रेक्झोननं दारूची 'किक' बोथट होते. अफूजन्य वेदनाशामक चालू असतील तर ते चालत नाही आणि यकृताची तपासणी आधी लागते. अकॅम्प्रोसेट साधारणपणे दारू बंद झाल्यावर देतात आणि त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी करतात. ही औषधं घेणं म्हणजे मनाचा पराभव, असा समज पुस्तकं वाचून 'स्वतःवर काम' करणाऱ्यांत विशेष आढळतो. उगीचच.

आता तुमचा खरा प्रश्न. कारण कळलं, तरी सुटत का नाही?

कारण 'कळणं' आणि 'लक्षात येणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वडिलांच्या माराची आणि दारूची सांगड तुम्ही दुपारी शांत डोक्यानं घालता. तलफ येते संध्याकाळी सातला, आणि ती डोक्यात यायच्या आधी अंगात आलेली असते. पिण्यामागे बऱ्याचदा आतली असह्य अवस्था शमवण्याची धडपड असते, हा विचार मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खांट्झियन यांनी १९८५ मध्ये नीट मांडला. तुमच्या बाबतीत तो चपखल बसतो. पण जी धडपड शब्दांच्या आधी सुरू होते, ती शब्दांनी समजावून थांबत नाही. दोन वर्षांत तुम्ही 'का' हा प्रश्न झिजवून टाकलात. 'कधी' आणि 'कुठे' हे मात्र अजून विचारलेलंच नाही.

त्यासाठी रात्रीची वही बंद करून खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. तलफ जाणवली की तेव्हाच, एका मिनिटात लिहायचं: वेळ, कुठे आहे, नुकतंच काय घडलं, शरीरात कुठे काय होतंय, मनात कोणतं वाक्य आलं, तलफ शून्य ते दहात किती, मग काय केलं. वीस मिनिटांनी पुन्हा आकडा. चौदा दिवस एवढंच. ही वही फसते तीन-चार ठरलेल्या ठिकाणी. लोक दिवसभराचं रात्री आठवून लिहितात, आणि आठवण तोवर स्वतःची गोष्ट रचून मोकळी झालेली असते. शरीराच्या रकान्यात 'टेन्शन' लिहितात. टेन्शन हा निष्कर्ष झाला. जबडा आवळला, खांदे वर चढले, पोटात खड्डा पडला, हे शरीर. प्यायलेल्या दिवसाचं पान कोरं सोडतात, आणि नेमकं तेच पान सगळ्यात उपयोगाचं असतं. काही जण निबंध लिहितात. दोन ओळींच्या वर गेलात की तुम्ही पुन्हा 'का'कडे वळलात असं समजा.

तुमच्या वहीत काय दिसेल याचा अंदाज तुमच्या पत्रावरूनच येतो. चार वाजता साहेबांचा आवाज चढतो. शरीर त्या आवाजाला ३९ वर्षांच्या माणसासारखं नाही, नऊ वर्षांच्या मुलासारखं उत्तर देतं: खांदे वर, श्वास अडकलेला, नजर खाली. मग स्वतःचीच लाज वाटते. सहाला भूक आणि थकवा त्यात भर घालतात. सातला पाय वळतात. तुम्हाला वाटतं निर्णय सातला होतो. तो चारलाच सुरू झालेला असतो, आणि मधले तीन तास तुमच्या हातात असतात. तेव्हा चारनंतर पाच मिनिटं जागेवरून उठायचं, जिना चढून-उतरून यायचं, खांदे मुद्दाम वर नेऊन सोडायचे. सहाच्या आत पोटात काहीतरी टाकायचं. भूक आणि तलफ आतून फार सारखी जाणवतात. आणि घरी जायचा रस्ता आधीच ठरवलेला हवा, तोही 'बघू' असा नाही: 'साहेबांचा आवाज चढला, तर निघताना अमक्याला फोन लावीन आणि बोलत बोलत दुसऱ्या रस्त्यानं जाईन.' 'जर-तर'मध्ये बांधलेला बेत नुसत्या निश्चयापेक्षा जास्त टिकतो, कारण सातला विचार करायचं काम उरत नाही.

तरीही तलफ येईल. तिच्याशी झुंजू नका आणि तिला समजावूही नका. व्यसनांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट तिला लाट म्हणत: ती चढते, माथ्यावर येते, उतरते. न पिता थांबलं तर बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते. पिणाऱ्याला हे ठाऊक नसतं, कारण माथ्यावरच तो पितो. लाट उतरताना त्यानं पाहिलेलीच नसते. बसा, तळवे जमिनीला टेकवा, डोळे उघडे ठेवा, वीस मिनिटांचा टायमर लावा. तलफ शरीरात नेमकी कुठे आहे ते शोधा: घशात, छातीत, हातांत? तिथेच लक्ष ठेवा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. आकडा बदलतोय का, एवढंच बघा. पहिला सराव तीन-चारच्या तलफेवर करा. थेट नऊवर करणारे बुडतात आणि मग म्हणतात हे काही खरं नाही. आठच्या वर गेली तर बसून राहू नका: उठा, जागा बदला, तोंडावर गार पाणी मारा, फोन लावा. आणि घरात बाटली ठेवून हा प्रयोग करू नका. 'पाहुण्यांसाठी' ठेवलेलीही बाटलीच असते.

ध्यानाचं काय चुकतंय? चाळीस मिनिटं आणि मिटलेले डोळे. ज्यांना जुना आघात आहे त्यांना आत पाहायला लावलं की कधी कधी आतलं सगळं एकदम अंगावर येतं. धडधड म्हणजे 'काहीतरी बाहेर पडतंय' असं मानून रेटत राहणं बरोबर नाही. शरीर सांगतंय की मात्रा जास्त झाली. तीन ते पाच मिनिटांवर या. डोळे उघडे, लक्ष तळपायांवर किंवा बाहेरच्या आवाजांवर. चालत केलं तर आणखी बरं. हात-पाय बधिर वाटू लागले, आजूबाजूचं लांब गेल्यासारखं झालं, मधली वेळ कुठे गेली ते कळेना, की तिथेच थांबायचं. पाच वस्तू बघून त्यांची नावं मोठ्यानं घ्यायची, चार गोष्टींना हात लावायचा, आजची तारीख आणि आपलं वय म्हणायचं. वय म्हणणं बाळबोध वाटेल, पण मघाच्या त्या नऊ वर्षांच्या मुलाला हीच बातमी पोचलेली नसते.

रात्रीच्या लिखाणाचं तुम्हीच लिहिलंय: लिहून झालं की पितो. म्हणजे आपणच जखमेवरची पट्टी काढायची आणि रात्री अकराला, एकटे असताना, घरात असेल त्यानं ती पुसायची. लहानपणाबद्दलचं लिखाण समुपदेशकासोबत काम सुरू होईपर्यंत बंद. अगदीच राहवलं नाही तर दिवसा, पंधरा मिनिटं घड्याळ लावून, आणि त्यानंतर लगेच हातांना काम: भांडी, झाडू, काहीही.

स्वप्नांबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण ४१ दिवसांचा शेवट त्यांनीच केला असावा. दारू पहिल्या काही तासांत स्वप्नांची झोप दाबते आणि उतरता उतरता ती उसळते, म्हणून पिणारा पहाटे तीन-चारला दचकून उठतो. दारू बंद केली की दाबलेली झोप काही आठवडे जोरात परत येते. स्वप्नं भडक होतात, कधी कधी स्वप्नातच पिणं होतं आणि जागेपणी अपराधी वाटतं. झोप पूर्ववत व्हायला काही महिनेही लागू शकतात. ही सुधारणेच्या वाटेवरची खडखड आहे. उठण्याची वेळ रोज तीच ठेवा. स्वप्नातून उठलात तर दिवा लावा, उठून बसा, अंथरुणात लोळत त्या स्वप्नाचा अर्थ लावू नका. सहा आठवड्यांनीही तेच चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि या काळात जगणं नको असा विचार आला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला सांगा आणि घरात कुणाच्या तरी सोबत राहा.

आधी जखम की आधी दारू? पूर्वी सरसकट सांगायचे, आधी वर्षभर कोरडे राहा, मग बघू. तसं का सांगायचे? स्मृतींवर थेट काम केलं तर माणूस जास्त पिईल ही भीती होती. ऑस्ट्रेलियात व्यसन आणि आघात या दोन्हींवर एकत्र उपचार करून पाहिले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आघाताची लक्षणं जास्त उतरली आणि व्यसन वाढलं नाही. म्हणजे क्रम असा: शरीर सुरक्षितपणे कोरडं करणं सगळ्यात आधी, मग तलफ हाताळायचा सराव, आणि तो जरा बसला की लगेच जखमेवर काम. तेही ठरलेल्या पद्धतीनं. स्मृतीला टप्प्याटप्प्यानं सामोरं नेणारी थेरपी साधारण ८ ते १५ सत्रं चालते. 'चूक माझीच होती' अशा अडकलेल्या समजुती तपासणारी कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी साधारण १२ सत्रांची. तिसरी ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत आठवणींवर काम करणारी थेरपी. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा: यातलं तुम्ही काय करता, व्यसन असलेल्यांसोबत केलंय का, सत्रानंतर तलफ वाढली तर आपला बेत काय? पहिल्याच तासाला माराचं सगळं वर्णन मागणारा नको, तीन बैठकींत बरं करतो म्हणणारा नको. सत्राच्या दिवशी संध्याकाळ मोकळी ठेवू नका. त्या संध्याकाळी तलफ वाढते, हे धरूनच चाला.

सोबतीला गट हवा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचे गट, १९३५ पासून चालू आहे आणि तिथे फी नसते. देवाची भाषा रुचली नाही तरी सातच्या फोनसाठी माणसं तिथेच मिळतात. एक बैठक आवडली नाही तर दुसरी बघा. बैठकी एकमेकींपेक्षा फार वेगळ्या असतात.

एखाद्या दिवशी घसरलात तर? घसरणीपेक्षा तिच्या पाठोपाठ येणारं वाक्य जास्त नुकसान करतं: 'आता गेलंच सगळं, मग पुरतंच पिऊ.' ४२ व्या दिवशी असंच काहीसं झालं असणार. म्हणून कोरडे असतानाच कागदावर लिहून ठेवा: एक पेग झाला तर उरलेली ओतून द्यायची, अमक्याला त्याच रात्री सांगायचं, जेवून झोपायचं, सकाळी आधीच्या २४ तासांचं पान वहीत भरायचं. एका रात्रीनं ४१ दिवसांत शिकलेलं पुसलं जात नाही. मात्र काही दिवस सलग पिणं झालं असेल तर पुन्हा एकदम बंद करू नका. सुरुवातीचा सगळा धोका परत उभा राहतो. डॉक्टरांना फोन करा.

प्रगती होतेय हे कशावरून कळेल? मन शांत वाटण्यावर जाऊ नका, सुरुवातीचे महिने ते वाटणारच नाही. किती लवकर लक्षात आलं ते मोजा. आधी दुसऱ्या सकाळी लक्षात येईल, मग पहिल्या पेगनंतर, मग दुकानाच्या दाराशी. आणि एखाद्या दिवशी चार वाजता, खांदे वर चढत असतानाच. वही मागे चाळली की हे सरकणं दिसतं.

राहता राहिला मुलगा. त्याचं दार लावणं तुम्हाला लागलंय, म्हणून तर ते पत्रात आलं. त्याला वचन देऊ नका, 'आता कधीच पिणार नाही' तर नाहीच. अशी वचनं त्याला पूर्वी दिली असतील तर ती तो मोजत असतो. तुम्ही प्यायलेले नसाल अशा सकाळी, बाजूला बसून, दोन-तीन वाक्यांत सांगा: 'माझा आवाज चढतो तेव्हा तुला भीती वाटते, ते मला दिसतं. त्यात तुझी काहीच चूक नाही. मी डॉक्टरांकडे जातोय.' शेवटचं वाक्य खरं झाल्यावरच बोला, म्हणजे भेट ठरल्यावर. तो गप्प बसला, उठून गेला, तर जाऊ द्या. 'मला माफ केलंस ना?' असं विचारू नका. यापुढे आवाज चढल्याचं तुमच्याच लक्षात आलं, तर खोलीबाहेर तुम्ही जा. दार त्याला लावायला लागू नये.